पडला म्हणायचं नाही

४ मार्च

काम मिळालं! मिळालं, मिळालं, मिळालं! डायरीत उड्या मारता येत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा लिहिलं.

बाळंतपणाच्या हॉस्पिटलची नवी इमारत बांधून तयार आहे. खाटा आल्या, पडदे लागले, भिंतींना गुलाबी रंगसुद्धा झाला. पण विजेच्या खोलीतले ब्रेकर तपासल्याशिवाय डॉक्टरीणबाई आत एकही पेशंट घेणार नाहीत. आणि ते तपासणार आम्ही. दोन एप्रिलला उद्घाटन आहे.

आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ. कारखान्याच्या टेस्टिंग खात्यातली पक्की नोकरी सोडून मी हा उद्योग काढला, तेव्हा हे म्हणाले होते, "जावा जावा आणि उभा दावा! सहा महिन्यांत एकमेकींच्या झिंज्या उपटाल." सहा महिने कधीच उलटले, झिंज्या शाबूत आहेत. पाटीवर आमचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते कोणी वाचत नाही. गावभर आम्हाला 'जावाजावा' म्हणतात. "ब्रेकर बघायचेत ना? जावाजावांना बोलवा."

खरं सांगायचं तर धाकटीला मी तिच्यासाठीच ओढून आणली. दोन वर्षांपूर्वी तिचं तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यानंतर ती नुसती खिडकीशी बसून असायची. घरात कोणी तो विषय काढत नाही, मीही नाही. लग्नाआधी तिने वायरमनचा कोर्स केला होता हे मला आठवलं आणि म्हटलं, "चल गं, मला बॅटरी धरायला माणूस हवंय." आता ती माझ्या चुका धरते.

रात्री जेवताना यांना कामाची बातमी दिली. "म्हणजे पुन्हा तुमची पडापडी सुरू," म्हणाले. यांना आमच्या कामाची थट्टा केल्याशिवाय घास उतरत नाही. ब्रेकर वर्षानुवर्षं गप्प बसून असतो. ऐन वेळी तो पडेल, म्हणजे आपण होऊन वीज तोडेल की नाही, हे नुसतं बघून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. म्हणून आम्ही त्याच्यातून मुद्दाम दांडगा करंट सोडतो. व्होल्ट चार-पाचच, पण करंट हजारांत. ठरल्या वेळात तो पडला की आम्ही "पडला!" म्हणून ओरडतो आणि खूश होतो. हे म्हणतात, "कोणी पडलं की टाळ्या वाजवणाऱ्या जगात तुम्ही दोघीच."

७ मार्च

आज तयारीचा पहिला दिवस. तयारी म्हणजे निम्मं काम. मला तर वाटतं, निम्म्याहून जास्तच. नवीन पोरं येतात ती थेट करंट सोडायला बघतात. अरे, आधी समोरची लाइन मेलीये का ते तरी बघा!

मेन बंद केला, त्याला कुलूप घातलं, किल्ली माझ्या गळ्यात. 'काम चालू आहे, हात लावू नये' ही पाटी. मग मीटर आधी चालू लाइनवर लावून तो खरं बोलतोय ना ते पाहायचं, मग बंद लाइनवर लावायचं, मग पुन्हा चालू लाइनवर. मीटरच मेलेला असेल तर सगळंच मेलेलं दिसतं. मग अर्थिंग. मग ब्रेकरची स्प्रिंग उतरवायची, कारण ती ताणलेली राहिली आणि आत बोटं असताना सुटली तर बोटं तिथेच राहतात. मग ब्रेकर बसवलेला गाडा रुळावरून बाहेर ओढून साफसफाई.

आणि साफसफाईच्या वेळी धाकटी गायब! स्पिरिटची बाटली उघडली मात्र, ती तोंडाला रुमाल लावून बाहेर. "ताई, वास सहन होत नाही." दीड वर्ष त्या स्पिरिटमध्ये हात बुडवून बसलीये, आजच वासाची ॲलर्जी झाली! सगळे कॉन्टॅक्ट मी एकटीने पुसले. बाहेर येऊन बघते तर बाईसाहेब बाकावर बसून लिंबाच्या गोळ्या चघळतायत.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. तिला एकटीलाच. बराच वेळ आत होती. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणे, "असंच."

८ मार्च

टेस्टिंगची पेटी आणि तिच्या केबली उचलणं म्हणजे म्हैस उचलणं. केबली आखूड आणि जाड लागतात. लांब घेतल्या, त्यांची वेटोळी राहिली, की करंट वाटेतच दमतो. रोज आम्ही दोघी एकेक टोक धरतो. आज धाकटी म्हणाली, "पाठ धरलीये." म्हटलं, बरं, धरली असेल.

पण मग भाऊजी आले! धाकटीचे यजमान, शाळेत गणित शिकवतात, आयुष्यात खडूपेक्षा जड काही उचललेलं नाही. शाळा सुटल्यावर थेट आमच्याकडे आले आणि बाही सरसावून केबली ओढायला लागले. एक केबल पायावर पाडून घेतली, तरी हसत होते. जाताना धाकटीची पिशवीसुद्धा भाऊजींच्याच खांद्यावर. लग्नाला सात वर्षं झाली आणि आता हे प्रेम उतू चाललंय. चांगलंच आहे म्हणा. आमच्या ह्यांनी माझी पिशवी शेवटची कधी उचलली ते डायरी चाळून बघायला हवं.

११ मार्च

आज पहिला करंट सोडला.

मी पेटीपाशी, धाकटी स्टॉपवॉच घेऊन. नेहमी ती माझ्या शेजारी उभी असते. आज आम्ही आडव्या बांधलेल्या दोरीच्या पलीकडे, पार दाराशी खुर्ची टाकून बसली. बरं. मी करंट चढवला. केबली थरथरल्या, पेटी घुमायला लागली, आणि थोड्या वेळाने खाडकन आवाज. सुंदर! मी वाट बघतेय "पडला!" ऐकायची.

आणि ही म्हणते, "मोकळा!"

"काय?"

"मोकळा झाला, ताई."

"मोकळा काय मोकळा? आपला शब्द काय आहे?"

"हाही शब्दच आहे."

इथे माझं डोकं फिरलं. शब्दाशी खेळ करायचं हे काम नाही. मोकळा म्हणजे हाताने उघडून ठेवलेला. पडला म्हणजे करंटमुळे आपण होऊन पडला. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. उद्या हिने "मोकळा" म्हटलं, मी समजले वाट मोकळी आहे, आणि सोडला करंट, तर? मी हे सगळं तिला चांगलं ठणकावून सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. पुढचा ब्रेकर लावला. खाडकन आवाज झाला.

"मोकळा!"

हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसाने! मग मीच जोरजोरात "पडला! पडला!" ओरडत राहिले, प्रत्येक वेळी, तिच्या नाकावर टिच्चून.

१२ मार्च

आज डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. आमच्या विजेच्या खोलीची भिंत जुन्या वॉर्डाला लागून आहे आणि माझा आवाज (हे म्हणतात तो आवाज नाही, भोंगा आहे) पलीकडे स्पष्ट ऐकू जातो. तिकडे नऊ महिने भरलेल्या बायका झोपलेल्या आणि भिंतीतून काल दिवसभर कोणीतरी आनंदाने ओरडतंय, "पडला! हाही पडला!" एकीच्या आईने म्हणे अंगठ्या काढून देवाला नवस बोलला.

"थोरल्या बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या इमारतीत तो शब्द नको. इथे बायका मोकळ्या होतात. तुमचे ब्रेकरही मोकळेच होऊ देत."

मी धाकटीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हटलं, हिनेच जाऊन चुगली केली वाटतं.

असो. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व. नवा नियम केला: करंटने गेला तर 'मोकळा', हाताने केला तर 'उघडला'. दोनदा घोकून घेतलं. मलाच सवय होईना, मी दर वेळी "पड..." म्हणून थांबत होते. धाकटी खुदुखुदु हसत होती. कितीतरी दिवसांनी हसली. मग मलाही राग धरवेना.

१६ मार्च

वाईट दिवस.

सगळ्यात मोठा ब्रेकर, ज्याच्यावर सगळी नवी इमारत चालणार, तो बिघडलेला आहे. करंट चढवते न चढवते तोच मोकळा. सेटिंग नीट आहे, कॉन्टॅक्ट आरशासारखे आहेत, इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरवर आकडा उत्तम, आणि तरी हा उंबरठ्यावरच कोसळतो. मधल्या फेजवर तेच, तिसऱ्या फेजवर तेच.

डॉक्टरीणबाईंना सांगायला जावं लागलं की नवा मागवा. नवा यायला महिना-दीड महिना लागेल. म्हणजे दोन एप्रिल गेली. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. जुन्या वॉर्डात एका खाटेवर दोघी बायका आहेत, हे मी स्वतः पाहिलंय.

१७ मार्च

मी महामूर्ख आहे. पण आज मला महामूर्ख असल्याचा इतका आनंद झालाय की विचारू नका.

सकाळी पुन्हा तोच खेळ. तोच ब्रेकर, तेच कोसळणं. मी पेटीवर डोकं टेकून बसले होते. दाराशी खुर्चीवरून आवाज आला, "ताई, अर्थ फॉल्ट बंद केलाय ना?"

अर्थ फॉल्ट!

जमिनीत गळणारा करंट ओळखायचं हे सेटिंग फक्त या मोठ्या ब्रेकरलाच आहे. आपण करंट सोडतो एकाच फेजमधून. बाकीच्या दोन रिकाम्या. ब्रेकरला वाटतं, एवढा करंट गेला तो परत कुठून आला नाही, म्हणजे जमिनीत गळतोय, म्हणजे कुणाला तरी शॉक बसतोय. आणि तो बिचारा चपळाईने मोकळा होतो. त्याचं शंभर टक्के बरोबर! म्हणून टेस्टपुरतं अर्थ फॉल्टचं सेटिंग बंद ठेवायचं आणि नंतर आठवणीने चालू करायचं, हे मी स्वतः हिला शिकवलंय. आणि मीच विसरले, कारण माझं अर्धं डोकं ही अशी का वागतेय याच्यात गुंतलेलं!

बंद केलं. करंट चढवला. ब्रेकर शांत उभा राहिला, राहिला, राहिला, आणि अगदी ठरल्या वेळी खाडकन...

"मोकळा!" दोघी एकदम ओरडलो. मी तिला मिठी मारायला धावले तर ती "हळू हो, हळू!" म्हणत मागे सरली. तरी मारलीच. मग दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. पलीकडच्या वॉर्डातून कोणीतरी भिंत ठोकली.

बंद केलेल्या सेटिंगवर लगेच लाल फीत बांधली. ते चालू केल्याशिवाय फीत सुटणार नाही.

२० मार्च

आज लिहायचं मन नाही, तरी लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगणार?

डॉक्टरीणबाईंच्या केबिनबाहेर सही घ्यायला थांबले होते. आत धाकटी होती, पुन्हा एकदा. दार किलकिलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "एप्रिल लागू दे, मग निर्धास्तपणे सगळ्यांना सांगा. तोवर जपून. जड काम नाही." धाकटी म्हणाली, "ताईंना एवढ्यात कळू द्यायचं नाही. त्यांना फार..." पुढचं ऐकू आलं नाही, कारण मी तिथून निघाले.

कळलं सगळं. हॉस्पिटलला पगारी इलेक्ट्रिशियन हवाच आहे. पंख्याखाली खुर्ची, महिन्याचा पगार, जड काम नाही. कोण नाही म्हणेल? मी तिच्या जागी असते तर मीही गेले असते. हे लिहिलं खरं, पण खोटं आहे. मी नसते गेले.

घरी आल्यावर यांना विचारलं, "धाकटी मला सोडून चाललीये का?" तर हे वर्तमानपत्रात तोंड घालून, "मला काय माहीत? मला काही माहीत नाही. मला कशाला विचारतेस?" एका प्रश्नाला तीन उत्तरं देणारा माणूस खोटं बोलत असतो. म्हणजे यांनाही माहीत आहे! सासूबाईंना विचारलं तर त्यांना अचानक कमी ऐकू यायला लागलं.

हे काम मला तिच्याशिवाय करायचं नाही. उद्योग काढला तिला घराबाहेर काढायला, आणि आता तिच्याशिवाय मलाच घराबाहेर पडवत नाही. कोल्ड स्टोरेजवाल्यांचा फोन येऊन गेलाय, मोठं काम आहे, हो म्हणू की नाही ते कळेना.

२१ मार्च

गाढव. गाढव. गाढव. मी.

सकाळी धाकटी स्टॉपवॉच काढत होती. मी सरळ समोर जाऊन उभी राहिले. "हे बघ, जायचं असेल तर खुशाल जा. पण पाठीमागून नको. हॉस्पिटलची नोकरी चांगली आहे, मी काही आडवी येणार नाही." इतकं नीट बोलायचं ठरवलं होतं, आणि शेवटी रडूच फुटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कसली नोकरी?"

"मी ऐकलंय सगळं. एप्रिलपासून. जड काम नाही."

धाकटी आधी हसली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. खुर्चीवर बसली. माझा हात ओढून पोटावर ठेवला. "इथलं काम आहे ताई. तिसरा चालू आहे."

मी पेटीवरच बसले.

"घरात कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"आणि मलाच नाही? मी काय परकी?"

"ताई, तुमच्या पोटात काही राहत नाही," ती म्हणाली, "आणि मला या वेळी राहायला हवं होतं."

मी तिला जवळ घेतलं. मग एकेक करत डोक्यात उजेड पडला. स्पिरिट. लिंबाच्या गोळ्या. भाऊजी. दाराजवळची खुर्ची. आणि तो शब्द. मी तिच्या नाकावर टिच्चून दिवसभर ओरडत होते तो शब्द. कुणीतरी माझ्याच थोबाडीत मारायला हवी होती.

"मला एकदा सांगितलं असतंस तर मी मेले तरी तो शब्द उच्चारला नसता."

"कारण सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं," ती म्हणाली. "आणि तुमचा तो ठणकावण्याचा मुद्दा बरोबरच होता. 'उघडला' आणि 'मोकळा' वेगळे हवेतच."

बघा! मी रडतेय आणि ही कामाचं बोलतेय. हीच माझी जाऊ.

रात्री यांना म्हटलं, "तीन उत्तरं!" वर्तमानपत्र खाली आलं. "दोन आठवडे गिळून बसलोय," हे म्हणाले, "मला तर अपचन झालं."

२८ मार्च

तपासणी संपली. सगळे ब्रेकर ठरल्या वेळात मोकळे झाले.

शेवटचा दिवस उलट्या तयारीचा. केलेलं सगळं जसंच्या तसं परत करायचं. सेटिंग आधी टिपून ठेवली होती त्याप्रमाणे एकेक जागेवर. धाकटी खुर्चीवरून वाचायची, मी लावायची, मग ती लांबूनच बॅटरी मारून पडताळायची. अर्थ फॉल्ट चालू केला, लाल फीत सोडली. तो तसाच बंद राहिला असता तर उद्या एखाद्या नर्सला ओल्या हाताने शॉक बसला असता आणि ब्रेकर शांत बघत बसला असता. गाडे आत ढकलले, अर्थिंग काढलं, हत्यारं मोजून घेतली, एक पाना सापडेना. सापडला, माझ्याच कमरेला.

धाकटी म्हणते मी तिला फार जपतेय. आज तिने पेन्सिल उचलली तर म्हणे मी "अगं, ठेव ते!" म्हणून ओरडले. असेल.

२ एप्रिल

उद्घाटन झालं. फीत कापली, भाषणं झाली, सगळे पेढे वाटावे तसे हसू वाटत फिरत होते. आम्ही दोघी मात्र विजेच्या खोलीत. एकेक ब्रेकर चढवला. वर मजल्यामजल्याने दिवे लागत गेलेले जिन्याच्या खिडकीतून दिसत होते. मोठा ब्रेकर चढवताना मी धाकटीला म्हटलं, "तू चढव." तिने दांड्याने स्प्रिंग भरायला हात पुढे केला, मी तिचा हात बाजूला केला, स्प्रिंग मी भरली, बटण तिने दाबलं.

वर गेलो तर डॉक्टरीणबाई वाट बघत होत्या. "धाकट्या बाई, सोनोग्राफीचं मशीन तुमच्याच विजेवर चाललंय. पहिल्या पेशंट तुम्हीच. थोरल्या, तुम्हीही या."

नवी कोरी खाट, चादरीच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. भाऊजी भिंतीला चिकटून उभे, चेहरा खडूसारखा पांढरा. धाकटीने डोळे मिटून माझं मनगट इतकं आवळून धरलं की अजून वळ आहेत. डॉक्टरीणबाई मशीन फिरवतायत, फिरवतायत. मग त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि एक बटण दाबलं.

धडधड. धडधड. केवढा वेग! आयुष्यभर मी मीटर बघत आले, पण असला काटा पाहिला नव्हता. इवलासा ठिपका नुसता उड्या मारत होता.

"बरोबर आहे का हो?" मी विचारलं. "याचं सेटिंग किती असतं?"

डॉक्टरीणबाई मोठ्याने हसल्या. "दीडशेच्या आसपास. आणि अगदी तिथेच आहे. तिसरा सुखरूप पार पडलाय."

"पार पडलाय!" धाकटी डोळे न उघडता म्हणाली. "हे पडणं चालेल." आणि मग आम्ही सगळेच, भाऊजींसकट, एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कोल्ड स्टोरेजवाले. आता काय ते सांगाच म्हणाले. मी धाकटीकडे पाहिलं. ती पोटावरची जेली पुसत उठून बसली होती.

"काम करणार," मी म्हटलं, "पण पुढच्या फेब्रुवारीत. तुमच्या हंगामाच्या आधी."

"एवढा उशीर? का हो?"

"ऑक्टोबरात आमच्याकडे नवीन माणूस येतंय. सुरुवातीला त्याला सोडून दोघींना एकदम निघता येणार नाही."

"अनुभवी आहे का?"

"छे हो! काही म्हणजे काही येत नाही."

"मग कशाला घेता असं माणूस?"

धाकटीने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"घरचं आहे," ती म्हणाली. "आणि फेब्रुवारीत आम्ही दोघी येतोय. नक्की. लिहून घ्या."